नाव नसलेल्यांचे अथेन्स: चार तासांच्या एका पायी फेरीविषयी

अथेन्समध्ये प्राचीन आगोरा, म्हणजे जुन्या शहराचा बाजारचौक, दाखवणाऱ्या पायी फेऱ्यांना तोटा नाही, आणि त्यांतल्या बहुतेकांचे थांबे आणि नायक ठरलेले असतात: सोलोन, क्लेइस्थेनिस, पेरिक्लीज, सॉक्रेटिस. आम्ही निवडलेल्या फेरीच्या माहितीपत्रकात मात्र वेगळे आश्वासन होते. ज्यांना मत नव्हते, ज्यांच्या नावावर घर किंवा जमीन होऊ शकत नव्हती आणि ज्यांचा उल्लेख इतिहासात झालाच तर कुणाची तरी बायको किंवा कुणाचा तरी गुलाम एवढाच होतो, अशा माणसांचे शहर दाखवू, असे त्यात लिहिले होते. आगोरा, तिथले संग्रहालय आणि केरामेइकोसची दफनभूमी असा चार तासांचा हा मार्ग आहे. गट आठ जणांचा असतो, निवेदन इंग्रजीत असते आणि प्रवेशतिकिटे ज्याची त्याने काढायची असतात. दिलेले आश्वासन बऱ्याच अंशी पाळले गेले. जिथे ते सुटले तिथे का सुटले, हेही सांगण्यासारखे असल्यामुळे हा अभिप्राय थोडा लांबला आहे.

आमच्या मार्गदर्शक बाई पुरातत्त्वशास्त्र शिकलेल्या होत्या, आणि त्यांनी सुरुवात लोकशाहीच्या स्तुतीने न करता शिरगणतीने केली. इसवीसनपूर्व चौथ्या शतकाच्या अखेरीस अथेन्सचा तेव्हाचा शासक फालेरॉनचा दिमित्रिओस याने केलेल्या गणनेत २१,००० नागरिक, १०,००० मेटिक म्हणजे शहरात स्थायिक झालेले परके, आणि ४,००,००० गुलाम अशी नोंद असल्याचे एक प्राचीन लेखक सांगतो. शेवटचा आकडा इतिहासकार खरा मानत नाहीत, हे बाईंनी आकडा सांगतानाच सांगून टाकले, आणि तिथेच माझा त्यांच्यावर विश्वास बसला. नागरिक म्हणजे फक्त प्रौढ पुरुष, आणि इ. स. पू. ४५१ मधल्या पेरिक्लीजच्या कायद्यानंतर आई-वडील दोघेही अथेन्सचे असलेला पुरुष. मेटिक पुरुषाला वर्षाला १२ द्राक्मा (चांदीची नाणी) आणि स्वतंत्र राहणाऱ्या मेटिक स्त्रीला ६ द्राक्मा कर भरावा लागे. नागरिकत्वाचा तो कायदा करणाऱ्या पेरिक्लीजचा स्वतःचा मुलगाही, त्याची आई अस्पाशिया मिलेटसची असल्यामुळे, कायद्याबाहेर पडला. पुढे पेरिक्लीजचे दोन्ही औरस मुलगे साथीत गेले, तेव्हा लोकांनी या मुलापुरता अपवाद केला. अपवाद करून घेण्यासाठीही पेरिक्लीजच असावे लागते, असे बाई हसत म्हणाल्या. गटातल्या काहींना तो विनोद वाटला नाही.

आगोरातून मान वर केली की अक्रोपोलिस ही मंदिरांची टेकडी दिसते. तिथे बोट दाखवून त्यांनी तिथल्या इरेक्थिअन मंदिराच्या बांधकामाचे हिशेब सांगितले. हे हिशेब दगडावर कोरलेले आहेत आणि इ. स. पू. पाचव्या शतकाच्या शेवटच्या दशकातले आहेत. ज्यांचा दर्जा ओळखता येतो अशा ८६ कामगारांपैकी २४ नागरिक, ४२ मेटिक आणि २० गुलाम होते. एकाच खांबाच्या पन्हळी कोरायला मालक आणि त्याचे गुलाम शेजारीशेजारी बसत. रोजावर काम असेल तेव्हा दर साधारण एक द्राक्मा असे, आणि तो दर गुलामासाठी वेगळा ठरत नसे. गुलामाची मजुरी जात होती मालकाच्या खिशात, हा भाग वेगळा. ज्या इमारतींना आपण नागरिकांच्या लोकशाहीचे प्रतीक म्हणतो, त्यांतल्या या एकीवर नागरिकांचे हात सुमारे चौथ्या हिश्शाचे होते, ही गोष्ट पुढे चारही तास डोक्यात राहते.

फेरीतला सर्वांत चांगला थांबा संग्रहालयात आहे. अटालसच्या स्टोआची, म्हणजे खांबांच्या लांब ओसरीची, ही इमारत १९५० च्या दशकात पुन्हा उभारलेली आहे, त्यामुळे तिच्या सावलीत उभे राहिल्यावर मूळच्या स्टोआत वावरल्यासारखे वाटते. इथल्या संग्रहातल्या एका कोरीव दगडावर इ. स. पू. ३७५-३७४ चा चलनविषयक कायदा आहे. कायद्याचा विषय रूक्ष आहे, पण त्याच्या केंद्रस्थानी असलेला माणूस गुलाम आहे. शहराच्या मालकीचा एक गुलाम रोज बाजारात सराफांच्या मेजांजवळ बसून नाणी पारखत असे. नाणे खोटे असले, म्हणजे आत तांबे किंवा शिसे निघाले, तर तो ते तिथल्या तिथे कापून टाकी आणि ते देवमातेच्या मालकीचे होई. नाणे खरे ठरले की ते नाकारण्याचा अधिकार कोणत्याही विक्रेत्याला उरत नसे, आणि कुणी नाकारलेच तर त्याचा त्या दिवसाचा सगळा माल जप्त होई. म्हणजे धान्य विकणाऱ्या प्रतिष्ठित नागरिकाचा सौदाही या गुलामाच्या शब्दावर अवलंबून होता. हाच पारखी कामावर बसला नाही किंवा त्याने कायद्याप्रमाणे पारख केली नाही, तर त्याला ५० फटके, हेही त्याच दगडावर कोरलेले आहे.

बाईंनी इथे वीस मिनिटे दिली आणि ती योग्यच होती. मतदान, भाषण, सभा यांच्याविषयी आपण इतके ऐकलेले असते, की या सगळ्या व्यवस्थेचे रोजचे काम कोण चालवत होते हा प्रश्नच सुचत नाही. नागरिकांची पदे दरवर्षी बदलत. बहुतेक पदांची नेमणूक चिठ्ठ्या टाकून होई, आणि शहराचा कारभार पाहणाऱ्या पाचशे नागरिकांच्या मंडळातही कुणाला आयुष्यात दोनपेक्षा जास्त वेळा बसता येत नसे. दप्तर, वजने-मापे, नाणी, शहराचा बंदोबस्त ही वर्षानुवर्षे अनुभव लागणारी कामे मात्र सरकारी गुलामांकडे होती. त्यांना पद नव्हते, मत नव्हते, पण कारभार कसा चालतो याची माहिती सर्वांत जास्त त्यांच्याचकडे असणार. सोबत असलेल्या एका निवृत्त कारकुनांनी यावर मनापासून मान डोलावली.

बाकीचे दालन भराभर झाले. न्यायाधीश निवडण्याचे दगडी यंत्र, भाषणाची वेळ मोजणारे पाणघड्याळ, ज्याला हद्दपार करायचे त्याचे नाव कोरून मत देण्याची खापरे या वस्तू कोणत्याही फेरीत दाखवतात, आणि इथेही त्यांचे निवेदन नेहमीचेच होते. खापरांविषयीची एक गोष्ट मात्र ऐकण्यासारखी होती. अक्रोपोलिसच्या उत्तर उतारावरच्या एका विहिरीत थेमिस्टोक्लीज या अथेन्सच्या नेत्याचे नाव कोरलेली सुमारे १९० खापरे सापडली, आणि त्यांवरची अक्षरे जेमतेम १४ हातांची आहेत. तयार मतपत्रिका वाटण्याची सोय तेव्हाही होती, असा त्याचा एक अर्थ लावला जातो. जवळच लहान मुलाचे मातीचे शौचपात्र ठेवले आहे. पुढून पाय बाहेर काढता येतील अशी त्याची रचना आहे, आणि आमचा गट सर्वांत जास्त वेळ त्याच्यापुढेच उभा राहिला. त्या मुलाला रोज त्यात बसवणारी कोण होती, हे बाईंनी न विचारताच सर्वांच्या लक्षात आले.

बाहेर बाकावर बसवून त्यांनी एक पत्र वाचून दाखवले. शिशाच्या पट्टीवर लिहिलेले हे पत्र आगोरात सापडले असून ते इ. स. पू. चौथ्या शतकातले आहे. लेसिस नावाचा मुलगा ओतकामाच्या कारखान्यात आहे. आपल्याला फार दुष्ट माणसाच्या हाती दिले आहे, फटके खाऊन जीव जातो आहे, बांधून ठेवतात, मातीमोल वागवतात, तुम्ही येऊन मालकांशी बोला आणि माझी दुसरी काही सोय करा, असे तो आईला आणि क्सेनोक्लीस नावाच्या माणसाला कळवतो. हा मुलगा गुलाम होता की काम शिकायला ठेवलेला उमेदवार, यावर अभ्यासकांत एकमत नाही, आणि बाईंनी ते तसेच सांगितले. पत्राचे पुढे काय झाले याविषयी एकही शब्द न जोडता त्या उठल्या. गटातले कुणी बराच वेळ बोलले नाही.

आता तक्रारी. आगोराच्या नैर्ऋत्येला एका इमारतीचे अवशेष आहेत. तिथे १३ लहान कुप्या आणि सॉक्रेटिसची मानली जाणारी छोटी मूर्ती सापडल्यामुळे काही अभ्यासक तिला तुरुंग मानतात, काही मानत नाहीत. आमच्या फेरीत मात्र ती सरळ सॉक्रेटिसचा तुरुंग झाली. डोळे मिटायला सांगून विषाच्या प्याल्याचे नाट्यमय वर्णन झाले आणि त्यात दहा मिनिटे गेली. विसरलेल्या माणसांच्या फेरीत जगातल्या सर्वांत प्रसिद्ध कैद्याला इतका वेळ का द्यायचा, हा माझा पहिला आक्षेप. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. प्लेटोच्या वर्णनात त्या संध्याकाळी निरोप सांगायला येणारा तुरुंगाचा सेवक आहे, जो सॉक्रेटिसचा निरोप घेताना रडू लागतो. हा बहुधा सरकारी गुलामच. नाणी पारखणाऱ्या गुलामाचा तो व्यवस्थेतला भाऊबंद. फेरीच्या विषयात बसणारा माणूस त्या खोलीत कुणी असेल तर तोच, आणि त्याचा उल्लेखही झाला नाही.

तिसरी उणीव मला सर्वांत जास्त खटकली. संग्रहालयात घुबडाचे चांदीचे नाणे दाखवले, ते पारखणारा दाखवला, पण चांदी कुठून आली हे सांगितले नाही. ती अथेन्सच्या आग्नेयेला लॉरियनच्या खाणींतून येई आणि जमिनीखाली काम करणारे मुख्यत्वे गुलाम होते. सेनापती निकियासने आपले १,००० गुलाम सोसियास नावाच्या एका थ्रेसियन माणसाला, दर माणशी रोज एक ओबोल या दराने, खाणीत भाड्याने दिले होते, असे प्राचीन लेखक झेनोफॉन लिहितो. सहा ओबोलांचा एक द्राक्मा. थेमिस्टोक्लीजने ज्या चांदीतून आरमार उभे करवले आणि ज्या आरमाराने इ. स. पू. ४८० मध्ये सालामिसची लढाई जिंकली, ती चांदी याच खाणींची. पुढच्या एका युद्धात शत्रू स्पार्टाने अथेन्सजवळ डेकेलिया येथे तळ ठोकल्यावर २०,००० हून अधिक गुलाम पळून गेले असे इतिहासकार थ्युसिडिडीज नोंदवतो. त्यात कारागीर बरेच होते. लॉरियनला जाणे चार तासांत शक्य नाही हे कबूल, पण नाणे समोर असताना ही चार वाक्ये सांगायला कुठेही जावे लागत नाही.

केरामेइकोसला पोहोचेपर्यंत ऊन चढले होते आणि वेग मंदावला होता. तरीही हेगेसोच्या थडग्यापुढचा थांबा जमला. तिथे उभी असलेली शिळा प्रतिकृती आहे, मूळ शिळा राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहे. खुर्चीवर बसलेली हेगेसो दागिना पाहते आहे आणि समोर दासी पेटी धरून उभी आहे. वर नाव कोरले आहे: हेगेसो, प्रोक्सेनोसची मुलगी. दासीचे नाव नाही. याच भागातल्या सार्वजनिक दफनभूमीत इ. स. पू. ४३१ च्या हिवाळ्यात पेरिक्लीजने युद्धात पडलेल्यांसाठी भाषण केले आणि विधवांना उद्देशून सांगितले, की पुरुषांत जिची चर्चा कमीत कमी होते तिची कीर्ती मोठी. हा नियम हेगेसोच्या कुटुंबाने पुरता पाळला नाही, असे बाई म्हणाल्या. पुढे त्यांनी दासीच्या अंगावरच्या लांब बाह्यांच्या साध्या वस्त्राकडे लक्ष वेधले. शिल्पकाराने तिचा दर्जा नावाऐवजी कपड्यातून कोरला आहे. हे मी याआधी चित्रांत अनेकदा पाहूनही मला दिसले नव्हते.

त्यानंतर पवित्र दरवाजाजवळच्या, अभ्यासक ज्याला झेड इमारत म्हणतात त्या, अवशेषांकडे नेऊन त्यांनी ठामपणे सांगितले, की हे वेश्यागृह होते. शक्यता आहे. तिथे अनेक लहान खोल्या, पाण्याची टाकी, ॲफ्रोडायटीशी संबंधित वस्तू आणि शंभराहून अधिक मागाची वजने सापडली आहेत. पण वजनांकडे पाहून तो विणकामाचा कारखाना होता, खाणावळ होती, की त्याच बायकांकडून दिवसा विणकाम आणि रात्री दुसरे काम करून घेतले जात होते, हे अजून वादात आहे. लेसिसच्या बाबतीत अनिश्चितता सांगूनही गोष्ट परिणामकारक राहिली होती. इथे अनिश्चितता लपवल्यामुळे त्या बायकांचे आयुष्य कमी गुंतागुंतीचे झाले, एवढेच.

व्यवस्थेविषयी थोडक्यात. कानात लावायची यंत्रे चांगली चालली, पण आगोरात सावली कमी आहे आणि वाट दगडधोंड्यांची आहे, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्यांनी आधी विचारून घ्यावे. विश्रांती एकदाच आणि दहा मिनिटांची होती. लहान मुलांना ही फेरी कंटाळवाणी होईल. अथेन्सला पहिल्यांदाच जाणाऱ्याने आधी नेहमीची फेरी करावी आणि मग ही, कारण मंडळ, सभा, न्यायालय यांची तोंडओळख आहे असे इथे गृहीत धरले जाते. दुसऱ्या दिवसाची सकाळ राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयासाठी मोकळी ठेवावी आणि मूळ हेगेसो तिथे पाहावी. प्रतिकृतीत दासीचा चेहरा इतका स्पष्ट कळत नाही.

शेवटी त्यांनी अभिप्रायाचा कागद दिला. पाचपैकी चार तारे दिले आणि सूचनेच्या रकान्यात लिहिले, की विषाच्या प्याल्याची दहा मिनिटे लॉरियनला द्यावीत.