नस जोडणारं लाल इंजेक्शन

उसाच्या फडात कोयता निसटला आणि धाकट्या भावाच्या कोपराला आतल्या बाजूनं, जिथं काही आपटलं की झिणझिण्या येतात तिथंच, खोल जखम झाली. गावात टाके घातले, जखम भरलीही. पण करंगळी आणि शेजारचं बोट बधिरच राहिलं. येईल हळूहळू, असं आम्ही धरून चाललो.

मग तालुक्याच्या गावी एकाचं नाव कळलं. चिरफाड नको, तीस इंजेक्शनांत कोपरातली तुटलेली नस (रक्ताची नव्हे, मज्जातंतू) जोडून देतो म्हणाला. एकाचे हजार रुपये, पावती नाही. ॲम्प्युलवरचं नाव ब्लेडनं खरवडलेलं, आत लालभडक औषध. "बाहेर कुठं मिळायचं नाही, ताई." दर खेपेला तो भावाच्या हातात रबरी चेंडू द्यायचा. "दाब. बघा, जोर वाढला का नाही?" आणि जोर खरंच वाढलेला असायचा! आईनं त्या भरवशावर पाटल्या मोडल्या.

सात महिने असे गेले. अंगठा आणि तर्जनीच्या मधलं मांस झडून खळगा पडला, तेव्हा कुठं आम्ही हाताच्या सर्जनकडे गेलो. त्यांनी भावाला अंगठा आणि तर्जनीत कागद धरायला सांगितला आणि हलकेच ओढला. अंगठ्याचं पेर वाकलं, कागद सुटून आला. म्हणजे कोपरातली नस तुटलेलीच होती. चेंडू दाबताना बराचसा जोर दुसऱ्या नसेवरच्या स्नायूंचा असतो, ती शाबूत होती. जखमेचं दुखणं कमी झालं, तशी पकड वाढली. एवढंच.

उरलेली ॲम्प्युल दाखवली. ते म्हणाले, हे मेथिलकोबालामिन दिसतंय, म्हणजे बी-12. मेडिकलमध्ये स्वस्तात मिळतं. पण नसेची तुटलेली टोकं कुठलंच इंजेक्शन जोडत नाही, ती शिवावी लागतात. शिवल्यावरही नस दिवसाला साधारण 1 मिलिमीटर वाढते, आणि नसेविना स्नायू जेमतेम 12 ते 18 महिने तग धरतो. कोपरापासून पंजापर्यंत पाऊण फूट तरी अंतर, आणि सात महिने तर आधीच गेलेले. हिशेब ऐकून आई खाली बसली.

तुमच्या घरात कुणाला असं कापलं आणि बोट बधिर झालं, तर टाके घालतानाच विचारा, नस तुटलीय का? जखम भरायची वाट बघू नका. बधिरपणा राहिला तर तीन-चार आठवड्यांत नसेची एनसीव्ही-ईएमजी तपासणी करून घ्या. नाव खरवडलेलं औषध टोचून घेऊ नका.

भावाच्या पायातली नस काढून कोपरात जोडली. करंगळीला आता गरम-गार कळतं. शर्टाची गुंडी मात्र अजून आईच लावते.