कपाशी-तूर, सोयाबीन, संत्रा की बांबू: जमिनीचा कर्ब कशात टिकतो?

पेरणीआधी काय लावायचं याचा हिशेब आपण भाव आणि पाणी पाहून करतो. जमिनीतल्या सेंद्रिय कर्बाचा, म्हणजे कुजलेल्या पाल्या-मुळांतून मातीत राहणाऱ्या कार्बनचा, विचार त्यात क्वचितच असतो. तो असायला हवा, कारण पावसाची उघडीप लांबली की कोणतं शेत तग धरेल हे बरंचसं त्याच्यावर ठरतं.

मृद आरोग्य पत्रिकेवर कर्ब ०.५ टक्क्यांखाली असेल तर तो कमी समजतात, ०.७५ च्या वर भरपूर. एका एकरातली वरची १५ सेंटिमीटर माती सुमारे ८०० टन भरते. म्हणजे हा आकडा नुसता ०.१ ने वाढवायचा तर ८०० किलो कर्ब मातीत टिकला पाहिजे. टाकलेल्यातला मोठा हिस्सा आपल्या उन्हात कुजून हवेत जातो, म्हणून शेणखताच्या चार गाड्यांनी एका वर्षात फरक दिसत नाही.

सलग सोयाबीन या बाबतीत सर्वांत कच्चं वाटतं. पीक शंभरेक दिवसांचं, मुळं उथळ. कुटार (मळणीनंतरचा भुसा) जनावरांना गेलं किंवा धुऱ्यावर (बांधावर) पेटवलं की जमिनीला गळलेली पानं आणि धसकटंच उरतात. मागून हरभरा नसेल तर रान पुढच्या पावसाळ्यापर्यंत उघडं पडतं.

कपाशीत तुरीचं तास टाकलं की चित्र बदलतं. तूर पानगळ करते, मूळ खोल नेते आणि जानेवारीपर्यंत शेतात उभी असते. पण सगळी कमाई पऱ्हाटीच्या, म्हणजे वेचणीनंतर उरलेल्या कपाशीच्या झाडांच्या, ढिगाला काडी लावताना जाते. गुलाबी बोंडअळीमुळे पऱ्हाटी वेळेत काढावीच लागते, हे खरं. मात्र जाळण्याऐवजी श्रेडरने बारीक करून शेणासोबत कुजवली आणि परत शेतात टाकली तर अळीही आटोक्यात राहते, कर्बही घरात राहतो. गावात चार जणांनी मिळून भाड्याने यंत्र आणलं तर परवडतं. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात ज्वारी-गव्हावर १९८८ पासून चाललेला प्रयोगही हेच सांगतो: नुसत्या रासायनिक खतापेक्षा खताला शेणखताची जोड दिलेल्या वाफ्यांत कर्ब चांगला राहिला.

संत्र्याबद्दल गैरसमज आहे. झाडं आहेत म्हणजे कर्ब वाढणारच, असं नाही. ओळींमधली जागा वर्षभर वखरून किंवा तणनाशक मारून साफ ठेवली तर तिथली माती कपाशीच्या रानापेक्षा फार वेगळी राहत नाही. गवत वाढू देऊन कापून तिथेच अंथरलं तर फायदा होतो. वरुड-मोर्शीकडे बोअर किती खोल गेले आहेत ते पाहता, पाण्याची खात्री नसताना फक्त कर्बासाठी बाग लावू नका.

सर्वांत जास्त जपावी ती जुनी पडीत. वर्षानुवर्षं गवत असलेली बरड (हलकी, मुरमाड जमीन) ट्रॅक्टरने फोडली की साठलेला कर्ब काही वर्षांत झपाट्याने उतरतो, आणि तो परत यायला कितीतरी जास्त काळ लागतो. त्या उथळ मुरमाड जमिनीत सोयाबीनचा उताराही बेताचाच. तिथे गवत राखा, नाहीतर बांबू लावा. २०१७ च्या कायदादुरुस्तीनंतर वनाबाहेरचा बांबू कायद्याने वृक्ष राहिलेला नाही, त्यामुळे शेतातल्या बांबूच्या तोडीच्या परवान्याची जुनी भीती बाळगू नका.

फरक डोळ्यांनी पाहायचा असेल तर धुऱ्यावरच्या गवताखालचं एक वाळलेलं ढेकूळ आणि शेताच्या मधलं एक, दोन्ही पाण्याच्या ग्लासात अलगद सोडा. शेतातलं बहुधा लगेच विरघळून चिखल होतं. धुऱ्यावरचं बराच वेळ अंग धरून राहतं.

भारी काळी जमीन असेल तर माझा कौल कपाशी-तुरीला, पऱ्हाटी न जाळण्याच्या अटीवर. बरड असेल तर नांगर लावू नका. दोन्हींचे नमुने माती परीक्षणाला वेगवेगळे द्या, रब्बी निघाल्यावर आणि शेणखत टाकण्याआधी, १५ सेंटिमीटरपर्यंतचे. तीन वर्षांनी त्याच जागचे, त्याच महिन्यात पुन्हा द्या.