ठाण्यातला क्लास, ५४ हजार रुपये आणि पहिलं पान नसलेलं पुस्तक

गेल्या आठवड्यात आमच्या सोसायटीतली एक मुलगी हातात पत्रक घेऊन माझ्याकडे आली. "ताई, तुम्ही कोडिंग शिकता ना? हा क्लास कसा आहे हो?" पत्रकावरचं नाव मी फसले त्या क्लासपेक्षा वेगळं होतं, पत्ताही वेगळा. पण ओळी त्याच होत्या: सहा महिन्यांत फुल स्टॅक (म्हणजे वेबसाइटचं दिसणारं आणि पडद्यामागचं, सगळं काम), शंभर टक्के प्लेसमेंट, सोपे हप्ते, शेवटच्या पाच जागा. माझ्या पोटात गोळा आला. तिला बसवून घेतलं आणि जे सांगितलं, ते इथे लिहिते आहे.

मी कळव्याला राहते. वागळे इस्टेटमधल्या एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात नऊ वर्षं बिलांचं काम केलं. महिनाअखेरीला बिल्ट्या (मालाच्या पावत्या) आणि पार्ट्यांची पेमेंट एक्सेलमध्ये जुळवायला मला दोन दिवस लागायचे. माझा भाचा ऐरोलीला राहतो, इंजिनीअरिंग करतो. एका रविवारी त्याने पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत पंधरा-वीस ओळी लिहून तेच काम माझ्यासमोर काही सेकंदांत करून दाखवलं. त्या दिवसापासून मला हे शिकायचंच होतं. ऑफिस भिवंडीला हललं आणि मी नोकरी सोडली, तेव्हा म्हटलं, आता वेळ आहे.

आधी घरीच सुरुवात केली. यूट्यूबवर 'पायथन' टाकलं की हजारो व्हिडिओ येतात. चार तासांत पायथन, बारा तासांत पायथन, एकाच व्हिडिओत सगळं. एक अर्धा बघायचा, कळेनासा झाला की दुसरा. कुठला जुना, कुठला नवा, कुणाला खरंच येतं, काही समजायचं नाही. महिनाभर असं चाचपडल्यावर माणूस इतका दमतो की कुणीतरी हात धरून 'हे वाचा, एवढंच करा' म्हणावं असं वाटायला लागतं. हे क्लासवाले त्या दमलेल्या माणसाचीच वाट बघत असतात. इन्स्टाग्रामवरच्या जाहिरातीत मी नंबर भरला आणि दहा मिनिटांत फोन आला.

क्लास ठाणे स्टेशनपासून चालत जाण्याइतक्या अंतरावर, नौपाड्यात. दुसऱ्या मजल्यावर काचेचं दार, एसी, भिंतीवर नोकरी लागलेल्या मुलांचे फोटो. समोरचा काउन्सेलर पंचविशीतला, बोलायला गोड. मी मुद्दाम विचारलं की कुठली पुस्तकं वापरता, एखादं बघायला मिळेल का. तो म्हणाला, "मॅडम, बाहेरची पुस्तकं घेऊच नका, कन्फ्यूज व्हाल. आमचं मटेरियल इंडस्ट्रीतल्या एक्स्पर्ट लोकांनी बनवलंय. कॉपीराइट आहे, म्हणून अ‍ॅडमिशननंतरच देतो."

हे वाक्य मी नंतर शंभर वेळा आठवलं. पुस्तक दाखवायला नकार मिळाला, त्याच क्षणी उठायला हवं होतं. भाजी घेतानाही आपण मेथीची जुडी उलटी करून बघतो. मी ५४ हजारांची वस्तू न बघता घेतली.

सहा हजार तिथेच यूपीआयने भरले. उरलेल्या ४८ हजारांचे चार-चार हजारांचे बारा हप्ते. "नो कॉस्ट ईएमआय आहे मॅडम, एक पैसा व्याज नाही," असं म्हणत त्याने माझाच फोन हातात घेऊन फॉर्म भरला. तीन ओटीपी आले, तिन्ही मी वाचून दाखवले. 'कर्ज' हा शब्द त्या तासाभरात एकदाही कुणी उच्चारला नाही. रात्री घरी मेसेज वाचला तेव्हा कळलं की एका फायनान्स कंपनीने माझ्या नावावर कर्ज मंजूर केलंय, आणि हप्ते दर महिन्याला माझ्या खात्यातून आपोआप कापायची परवानगीही मी देऊन बसले आहे. यात कंपनी सगळी रक्कम क्लासला एकदम देते, थोडी कापून. ती कापलेली रक्कम म्हणजे कंपनीची कमाई, म्हणून आपल्याला 'नो कॉस्ट'. क्लासला पैसे मिळालेले असतात. पुढे शिकवलं काय नि नाही शिकवलं काय, त्याचं काही अडत नाही.

आता पुस्तकांचं सांगते, कारण माझं खरं नुकसान तिथे झालं.

किट म्हणून चार स्पायरल बाइंडिंगची पुस्तकं मिळाली. प्रत्येक पानावर क्लासचा शिक्का फिक्या रंगात. मी घरी दुपारी बसून पहिल्या पुस्तकातलं पहिलंच उदाहरण जसंच्या तसं टाइप केलं. चाललं नाही. लाल अक्षरात 'मिसिंग पॅरेन्थेसिस इन कॉल टू प्रिंट' असं काहीतरी आलं. पुन्हा टाइप केलं. स्पेलिंग तपासलं. स्वल्पविराम तपासले. पुस्तकात होतं तेच माझ्या पडद्यावर होतं, तरी चूक. मग भागाकाराचं उदाहरण आलं. पुस्तकात सात भागिले दोनचं उत्तर तीन छापलेलं, माझ्याकडे साडेतीन येत होतं. मी नऊ वर्षं बिलं केलेली बाई. साताचे निम्मे साडेतीन हे मला माहीत आहे, पण त्या दिवशी मला वाटलं की कॉम्प्युटरचं काही वेगळं गणित असेल आणि ते माझ्या डोक्यात शिरत नाहीये.

क्लासमध्ये विचारलं तर सर म्हणाले, "तुमच्या लॅपटॉपवर इन्स्टॉलेशनचा प्रॉब्लेम असेल." ते सर तीन आठवड्यांनी गेले, दुसरे आले, तेही गेले. तिसरे स्वतः सगळं पीपीटीवरून वाचून दाखवत. बॅचमध्ये अठरा जण होतो. मागच्या बाकावर एक बदलापूरहून येणारा मुलगा होता, वडील रिक्षा चालवतात. एकदा जिन्यात तो मला म्हणाला, "ताई, मला वाटतं हे आपल्यासारख्यांचं काम नाही." मी त्याला काही बोलू शकले नाही, कारण मलाही तेच वाटत होतं. पैशाचं दुःख आहेच. पण त्या मुलाचं ते वाक्य आठवलं की मला जास्त राग येतो. वाईट पुस्तक शिकवत नाही एवढंच नाही, ते शिकणाऱ्याला स्वतःच्या नजरेत मठ्ठ ठरवतं.

एप्रिलमध्ये भाचा घरी आला. मी पुस्तक पुढे केलं. त्याने दोन पानं उलटली आणि म्हणाला, "मावशी, हे पायथन दोन आहे गं. ते केव्हाच बंद झालं." पायथन तीन ही आवृत्ती २००८ च्या डिसेंबरात आली. दोनची देखभाल करणाऱ्यांनी १ जानेवारी २०२० पासून ती अधिकृतपणे थांबवली. जुन्या पायथनमध्ये 'प्रिंट'पुढे कंस लागत नसे, नव्यात लागतो. जुन्यात दोन पूर्णांकांचा भागाकार केला की अपूर्णांक गळून पडे, नव्यात तो राहतो. माझी एकही चूक नव्हती. मी तिथे स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून रडले.

मग त्याने तिसऱ्या पुस्तकातलं एक लांब वाक्य अवतरणचिन्हांत घालून गुगलवर टाकलं. पहिल्याच निकालात ते सबंध पुस्तक उघडलं. अ‍ॅलन डाउनी या अमेरिकन प्राध्यापकांचं 'थिंक पायथन', त्याची २०१२ ची पहिली आवृत्ती. लेखकाने ते स्वतःच इंटरनेटवर सगळ्यांसाठी फुकट ठेवलेलं आहे. कॉपी करा, वाटा, बदला, अशी परवानगी दिली आहे. अट एवढीच की लेखकाचं नाव ठेवायचं आणि त्यावर धंदा करायचा नाही. ही अट पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानावर छापलेली असते. आमच्या किटमध्ये ती पानं नव्हतीच. पुस्तक थेट पहिल्या धड्यापासून सुरू होत होतं. त्या लेखकाचा यात काडीचाही दोष नाही. त्यांनी पुढे पायथन तीनसाठी दुसरी आवृत्ती काढली, २०२४ मध्ये तिसरी, आणि त्याही फुकट वाचता येतात. क्लासवाल्याला नवी आवृत्ती चोरण्याचेही कष्ट घ्यावेसे वाटले नाहीत.

'प्रीमियम व्हिडिओ लायब्ररी'चंही तेच. पोर्टलवरच्या व्हिडिओच्या शीर्षकावर बोट ठेवलं की तो यूट्यूबवर उघडायचा, भलत्याच माणसाच्या चॅनलवर.

मी काउन्सेलरकडे गेले तर तो म्हणाला की आता आफ्टर सेल्सचं दुसरी टीम बघते. मे महिन्यात वर्ग बंद करून 'रेकॉर्डेड मोड' सुरू झाला. जूनमध्ये दाराला कुलूप. हप्ते मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला कापले जात राहिले. फायनान्स कंपनीला फोन केला तर उत्तर एकच: क्लास आणि तुमचं तुम्ही बघा, कर्ज तुमच्या नावावर आहे. बदलापूरच्या मुलाने खातं रिकामं ठेवलं, तर हप्ता परत गेल्याचा दंड वेगळा, आणि वडिलांना वसुलीचे फोन. खात्यात पैसे नसल्याने असा आपोआप कापला जाणारा हप्ता परत गेला, तर चेक बाउन्ससारखाच त्यावरही खटला होऊ शकतो, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या घरासाठीच्या कर्जाचं काम चालू होतं, सिबिल (कर्जफेडीच्या नोंदीवरचे गुण) बिघडायला नको म्हणून मी बाराही हप्ते भरले. शेवटचा या फेब्रुवारीत गेला.

ज्यांनी नुकतीच सही केली आहे त्यांच्यासाठी: २०२२ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार अशा डिजिटल कर्जात सुरुवातीचे काही दिवस 'कूलिंग ऑफ' म्हणून असतात. त्या दिवसांत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज परत करून दंडाशिवाय बाहेर पडता येतं. किती दिवस, ते कर्जाच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं. तो कागद मागाच, आणि बाहेर पडायचं तर कंपनीला लेखी कळवा. मी तो मेल पाच महिन्यांनी उघडला.

मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, म्हणजे १९१५ वर फोन करून तक्रार नोंदवली. तिथून क्लासला पत्र गेलं, उत्तर आलं नाही. मग जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही, वकील लावायची सक्ती नाही, आणि दोन वर्षांच्या आत जावं लागतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने कोचिंगच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. नोकरीची खोटी हमी देणं त्यात मना आहे. म्हणून पत्रकं फेकू नका. माझ्याकडे त्यांचं पत्रक आहे, तेही तक्रारीला जोडलंय.

आणि शिकायचं कशावरून? त्या मुलीनेही शेवटी हेच विचारलं. मी आता एकच कसोटी लावते. पुस्तक असो वा व्हिडिओ, पहिल्या दहा पानांतलं एक उदाहरण स्वतः टाइप करायचं. चाललं तर पुढे. नुसतं साल बघून भागत नाही. कर्निगन आणि रिची यांचं सी भाषेवरचं पुस्तक १९७८ चं, त्याची दुसरी आवृत्ती १९८८ ची, आणि तिच्यातलं बहुतेक सगळं आजही उपयोगी आहे. उलट कालपरवा छापलेल्या कितीतरी स्वस्त पुस्तकांत अजून टर्बो सी हे सी भाषेचं जुनं सॉफ्टवेअर धरून लिहिलेली उदाहरणं असतात, ती आजच्या कंपायलरवर, म्हणजे कोड चालवण्याजोगा करणाऱ्या सॉफ्टवेअरवर, अडतात. दुसरं, प्रत्येक धड्यानंतर सोडवायला प्रश्न आहेत का ते बघते. नुसते व्हिडिओ बघून मला सगळं कळल्यासारखं वाटायचं आणि कोरा पडदा समोर आला की बोटं थांबायची.

सध्या मी एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन शिक्षण-उपक्रमाचा कोर्स करते. आयआयटी आणि बेंगळुरूच्या आयआयएससी या विज्ञानसंस्थेचे प्राध्यापक शिकवतात. शिकायला पैसे नाहीत, परीक्षा देऊन प्रमाणपत्र हवं असेल तरच फी. इंग्रजी जड जात असेल तर आयआयटी मुंबईचे 'स्पोकन ट्युटोरियल' हे व्हिडिओ धडे बघा, त्यातल्या बऱ्याच धड्यांना मराठी आवाज आहे. धडे छोटे असतात, थांबवत थांबवत करता येतात. अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाचा सीएस५० हा ऑनलाइन कोर्स मला फार आवडला, पण त्याचा वेग मोठा आहे. आठवड्याचा एक प्रश्नसंच सोडवायला मला कधी कधी तीन आठवडे लागतात. पायथनच्या स्वतःच्या संकेतस्थळावरचं ट्युटोरियल अगदी बिनचूक आहे, पण मी म्हणेन की थोडं येऊ लागल्यावरच उघडा. यातलं एक घ्या. एकच घ्या, आणि संपेपर्यंत दुसऱ्याकडे बघू नका. माझा पहिला महिना इकडून तिकडे उड्या मारण्यातच गेला होता.

क्लास लावायचाच असेल तर लावा, सगळे असे नसतात. फक्त पुस्तक आधी हातात घ्या, दोन तास फुकट बसू द्या म्हणा, फी महिन्याच्या महिन्याला देईन म्हणा, आणि स्वतःचा फोन कुणाच्या हातात देऊ नका.

बदलापूरच्या त्या मुलाला मी भाच्याने दिलेली लिंक पाठवली आणि त्याचं पायथन तीन आहे की नाही हे फोनवरून तपासून घेतलं. त्याचं पहिलं उदाहरण चाललं तेव्हा त्याने पडद्याचा फोटो पाठवला. आयोगात माझी पुढची तारीख लागली आहे. जोडपत्रांत मी किटमधलं तिसरं पुस्तक दिलंय, आणि त्याच्यावर कळव्याच्या झेरॉक्सच्या दुकानातून चार रुपयांत छापून आणलेली, त्यांनी काढून टाकलेली पहिली दोन पानं टाचली आहेत.