तीन महिन्यांचे म्हणून विकलेले इंजेक्शन

मुलीमध्ये आठ वर्षांच्या आत आणि मुलामध्ये नऊ वर्षांच्या आत वयात येण्याची लक्षणे दिसू लागली, तर तपासणी करून घ्यावी लागते. माझ्या सात वर्षांच्या मुलीच्या डाव्या हाताच्या एक्स-रेमध्ये हाडांचे वय बरेच पुढे गेलेले दिसले, रक्तातील एलएच (वयात येण्याला चालना देणारे संप्रेरक) वाढलेले निघाले आणि मेंदूच्या एमआरआयमध्ये दोष आढळला नाही. डॉक्टरांनी वयात येणे थोपवणाऱ्या ल्युप्रोलाइड या औषधाच्या डेपो, म्हणजे शरीरात हळूहळू झिरपणाऱ्या, इंजेक्शनचे दोन पर्याय समजावले : दरमहा ३.७५ मिलिग्रॅम किंवा तीन महिन्यांतून एकदा ११.२५ मिलिग्रॅम. ट्रिप्टोरेलिन हे त्याच गटातले दुसरे औषध आहे. त्वचेखाली बसवायचे, वर्षभर चालणारे हिस्ट्रेलिनचे रोपण परदेशात वापरले जाते, असेही त्यांनी सांगितले. टोचणे कमी व्हावे म्हणून आम्ही तीन महिन्यांचा पर्याय निवडला, आणि नेमकी तिथेच फसवणूक झाली.

सोलापुरातील सात रस्ता परिसरात औषधाची चौकशी करताना एका माणसाने स्वतःला घाऊक विक्रेत्याचा प्रतिनिधी म्हणवून तेच इंजेक्शन निम्म्या किमतीत देऊ केले. "ताई, पावती घेतलीत तर कर धरावा लागेल," असे तो म्हणाला, आणि जुळे सोलापुरातील आमच्या घरी टोचायला एका सिस्टरलाही पाठवले. मुलीची वयात येण्याची लक्षणे थांबेनात, तेव्हा त्याने फोनवर सांगितले की पहिल्या डोसनंतर लक्षणे आधी वाढतातच. अर्धसत्य किती सोयीचे असते पाहा : तशी वाढ खरोखर होते, मात्र ती काही आठवड्यांत ओसरते, आमच्याकडे तर दुसऱ्या डोसची वेळ आली तरी एलएच दबलेले नव्हते.

डॉक्टरांनी रिकामी बाटली मागवून तिच्यावरचे चिकटवलेले लेबल सोलले. खाली ४ मिलिग्रॅमचे, रोज टोचायचे ल्युप्रोलाइडचेच साधे द्रावण निघाले. डेपो औषध भुकटीच्या रूपात असते, सोबतच्या द्रवात मिसळल्यावर ते दुधाळ दिसते आणि स्नायूत हळूहळू झिरपते. हे द्रावण मात्र पाण्यासारखे स्वच्छ होते. त्याचा एकटा डोस संप्रेरके दाबत नाही, उलट काही काळ वाढवतो, म्हणूनच निदानाच्या चाचणीत त्याचा उपयोग केला जातो. म्हणजे आम्ही पैसे मोजून नेमके उलटे औषध देत होतो, आणि मधले महिने हाडांचे वय पुढे सरकत राहिले.

आपले इंजेक्शन सीलबंद खोक्यातून आपल्यासमोर काढून मिसळले जात आहे का, हे पाहा. बॅच क्रमांक, मुदत आणि मिलिग्रॅमचा आकडा आतल्या बाटलीवरही वाचा, आणि बिल घ्या. तोंडाने घ्यायच्या चूर्णाने किंवा थेंबांनी हाच परिणाम होतो असे कोणी सांगितले, तर ल्युप्रोलाइड पोटात गेल्यास पचून नष्ट होते आणि म्हणूनच ते टोचावे लागते, एवढे त्याला ऐकवा. बाटली, खोके आणि सोललेले लेबल जोडून आम्ही अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार दिली आहे. त्या माणसाचा फोन आता बंद लागतो.