जळक्या वासासाठी घेतलेला एअर प्युरिफायर, ७ महिन्यांनी: तो हिरवा लाईट बघूच नका

आज सकाळी परत 'फिल्टर बदला'चा लाईट लागला आणि कस्टमर केअरच्या बाईंशी पाऊण तास डोकं फोडून झालं, म्हणून एकदाचं लिहून टाकतो. ब्रँडचं नाव लिहीत नाही. ११,५०० ला पडला, आत एच-१३ हेपा (बारीक कणांचा फिल्टर), मागं कार्बनचा फिल्टर, बाकी तुम्हाला माहितीच आहे.

जानेवारीत सोलापूरच्या गड्डा यात्रेचं शोभेचं दारूकाम बघायला आम्ही सगळे होम मैदानावर, आणि इकडं फ्रिजच्या स्टॅबिलायझरनं पेट घेतला. शेजारच्या काकूंनी मेन बंद केला, पोरांनी कुलूप तोडून वाळू टाकली म्हणून किचनपुरतंच भागलं. जळालं तसं थोडंच, पण प्लास्टिक जळाल्याचा वास पंधरा दिवसांनी पण तसाच, भाकरीला सुद्धा. एक जण ओझोनचं मशीन लावून देतो म्हणत होता, पण ते चालू असताना घरात माणूस, मांजर, झाड काही ठेवायचं नाही आणि ओझोन फुफ्फुसाला वाईट, आईला दमा आहे, म्हणलं नको बाबा. म्हणून हा घेतला.

पहिले दोन आठवडे मी लै खूष. लाल लाईट, मग पिवळा, मग हिरवा, आकडा ८. त्याच भरात पाच स्टार देऊन बसलो. येईल त्याला हिरवा लाईट दाखवायचो. मामा आले, लाईट बघितला, नाक वर केलं आणि म्हणाले, "लाईट चांगला आहे की, पण तुझ्या घरात वायर जळतीय बे."

त्या दिवसापासून माझं आणि त्या लाईटचं जे सुरू झालं ते आजपर्यंत. आईनं देवाजवळ उदबत्ती लावली की लाल. कांद्याची फोडणी पडली की लाल, फॅन असा ओरडतो जसं काय परत आग लागली. आणि माळ्याजवळ नाक नेलं तर डोळ्यात पाणी येईल असा वास, तिथं हा हिरवागार! मग कळलं की आतला सेन्सर फक्त हवेतले बारीक कण मोजतो, पीएम २.५ म्हणतात ते. वास म्हणजे वायू, तो ह्याला दिसतच नाही. हेपा पण कणच अडवतो. वासाचं काम कार्बनचं, आणि ह्यातला कार्बन म्हणजे स्पंजावर मारलेली काळी पूड. काट्यावर तोलला, फ्रेमसकट १८० ग्रॅम. तेवढा कार्बन वासानं भरला की संपला त्याचा खेळ. आणि तो 'फिल्टर बदला'वाला लाईट तरी फिल्टर बघतो का? तर नाही, नुसते चालू असल्याचे तास मोजतो. रिसेट तीन सेकंद दाबा, फिल्टर नवाकोरा. नवीन फिल्टर २,८९९ ला आहे म्हणून हे सांगतोय.

तरी मार्चमध्ये वास गेला असं वाटलं होतं, इथं मी मशीनची माफी पण मागणार होतो. एप्रिल संपता संपता ऊन ४३ वर गेलं आणि वास दुप्पट होऊन परत. पेंटरनं काजळीवरच डिस्टेंपर फासला होता, भिंत तापली की आतलं सगळं बाहेर. त्यात कूलर आगीच्या वेळी किचनच्या बाल्कनीतच होता, त्याच्या गवतानं धूर पिऊन ठेवलेला, चालू केला की घरभर वाटप. गवत बदललं, १५० रुपयात निम्मा वास गेला. १५० रुपयात!

मग भिंत खरवडून प्राइमर, वर ऑइल पेंट. माळ्याच्या फळ्यांना पॉलिशवाल्या चाचांनी चपडा (लाख) स्पिरिटमध्ये विरघळवून दोन हात मारले, त्यानं वास आत कोंडला गेला तो गेलाच. (स्पिरिट पेट घेतं, खिडक्या उघड्या ठेवा, गॅस बंद. आम्हाला आता सांगावं लागत नाही.) माझी चूक म्हणजे पहिल्याच दिवशी ओल्या फडक्यानं काजळी पुसली, ती तेलकट असते, भिंतीत आणखी मुरली. आधी कोरडीच काढायची, ब्रशनं, व्हॅक्यूमनं.

चादरींचं तर विचारूच नका. सोलापूरचं घर, १४ चादरी निघाल्या, आणि आमच्याकडं पाणी चार-पाच दिवसाआड. मिसेस म्हणाल्या आधी गच्चीवर वाळत घाला, आठ दिवस ऊन खाऊ द्या, मग गरम पाणी आणि धुण्याचा सोडा. दोनदा धुतल्या, एक टँकर गेला. दोन चादरी अजून वास मारतात, त्या गाडीवर टाकतो.

मशीन वाईट नाही हो. रस्त्याची धूळ चांगली धरतो, आईचा रात्रीचा खोकला खरंच कमी झालाय, म्हणून तीन स्टार. जळक्या वासासाठी घ्यायचा असेल तर ते पैसे पेंटर आणि टँकरला द्या.

आज त्या बाईंनी शेवटी विचारलं, "सर, डिस्प्लेवर कोणता कलर दिसतोय?" म्हणलं हिरवा. "मग सर मशीन एकदम व्यवस्थित आहे, फिल्टर तेवढा बदलून घ्या."

रिसेट दाबलं आणि फोन ठेवला.