झोपडीच्या छपरासाठी २५० जीएसएमची ताडपत्री
जीएसएम म्हणजे दर चौरस मीटरला किती ग्रॅम वजन. पावसाळा काढायचा तर ही जाडी ठीक आहे. १२० जीएसएमची वाऱ्यात फडफडून लवकर फाटते. पण खरेदी करताना आधी कडा बघा. दुमडीत दोरी घातलेली नसेल तर सगळा ताण धातूच्या रिंगांवर येतो आणि त्या उपटून निघतात. खिळे ठोकू नका, भोकापासूनच फाटत जातं. बांबूच्या टोकांना जुनं कापड गुंडाळा, दोरी ताणून बांधा, उतार भरपूर द्या. मध्ये पाणी साचलं की वजनाने छप्परच खाली बसतं. यूव्ही संरक्षण (उन्हातल्या अतिनील किरणांपासून बचाव) नसेल तर उन्हात ठिसूळ होते. ‘कायमचं छप्पर’ हा दुकानदारांचा दावा सोडून द्या. आतला उकाडाही कमी होत नाही, आणि पेटली तर वितळून तिचे जळते थेंब गळतात. खाली चूल नकोच.