चेक हातात होता म्हणून मी गप्प राहिलो

एप्रिल ते जुलै 2024, असे तीन महिने माझ्या पाकिटात 54,000 रुपयांचा चेक होता. आधार कार्डाच्या मागे, चार घड्या घालून. तो मी बँकेत टाकला नाही. का टाकला नाही ते सांगण्यासाठीच हे लिहितोय, कारण पुण्यात कॉलेज करून एखाद्या स्टार्ट-अपमध्ये पार्ट-टाइम कोडिंग करणारी मुलं खूप आहेत, आणि त्यांच्यातल्या कुणाच्या पाकिटात आत्ता असाच चेक असेल.

जुलै 2023. मी तिसऱ्या वर्षाला होतो. गाव बार्शी, पप्पा आडत दुकानात हिशेब लिहितात. कात्रजला कॉट बेसिसवर राहायचो. एका सीनिअरच्या ओळखीने बाणेरच्या एका स्टार्ट-अपमध्ये काम मिळालं. खाजगी क्लासेससाठी ॲप होतं: मुलांची हजेरी, फीचे हप्ते, पालकांना मेसेज. रोज चार तास, महिना 12,000. मेस आणि खोलीभाडं सुटत होतं, म्हणजे घरून पैसे मागायला नकोत. मला तेवढंच हवं होतं.

मालक तिशीतला. सगळ्यांनी त्याला दादा म्हणायचं. पहिल्याच दिवशी म्हणाला, "इथे बॉस वगैरे काही नाही रे, आपण फॅमिली आहोत." भिंतीवर स्टार्ट-अप इंडियाच्या मान्यतेचं सर्टिफिकेट फ्रेम करून लावलेलं. मला वाटलं, सरकारने तपासलेली कंपनी आहे. ती मान्यता करसवलती आणि इतर सोयींसाठी असते. कंपनी पोरांचे पगार देते की नाही हे त्यात कुणी बघत नाही. हे मला फार उशिरा कळलं.

ऑफर लेटर मागितलं तर "देतो, फॉरमॅट बनवतोय" म्हणाला. पहिले तीन महिने पैसे मात्र वेळेवर आले. 10 टक्के टीडीएस कापून 10,800, यूपीआयवरून. पाठवणाऱ्याचं नाव कंपनीचं नसून त्याचं स्वतःचं होतं. मी मेसेजमधला आकडा बघितला, नाव वाचूनही सोडून दिलं. कंपनी कामाचे पैसे स्वतःच्या खात्यातून न देता मालकाच्या खाजगी खात्यातून देत असेल, तर तिथेच थांबून विचारायला हवं होतं.

ऑक्टोबरपासून पैसे थांबले. कारण एकच, दर महिन्याला थोडं बदलून: फंडिंग राउंड क्लोज होतोय, म्हणजे गुंतवणूकदारांचे पैसे येतायत. दिवाळीला घरी जाताना त्याने मला अर्धा टक्का ईसॉपचं, म्हणजे कर्मचाऱ्याला कंपनीचे शेअर्स द्यायच्या योजनेचं, पत्र दिलं. लेटरहेडवर, सही करून. घरी सगळ्यांना दाखवलं. त्या पत्रात शेअर्सचा आकडा नव्हता आणि ठरावाची तारीखही नव्हती. कंपनी कायदा 2013 प्रमाणे ईसॉपला भागधारकांचा ठराव लागतो आणि दिल्यापासून निदान एक वर्ष ते हातात येत नाहीत. नुसत्या पत्राने कुणी भागीदार होत नाही. पण त्या पत्राने मला अजून चार महिने कामावर ठेवलं, हे खरं.

त्या चार महिन्यांत मी फी भरण्याचा पूर्ण भाग लिहिला. पेमेंट गेटवे, म्हणजे ऑनलाइन पैसे घेणारी सेवा, जोडणं सोपं असतं, त्रास पुढे असतो. पालकाचे पैसे कटतात, पण नेटवर्क गेल्यामुळे ॲपला कळत नाही आणि क्लासवाला म्हणतो फी आलीच नाही. गेटवेकडून एकच निरोप दोनदा आला तर पावती दोनदा निघू नये, हेही बघावं लागतं. सबमिशनच्या आठवड्यात रात्री अडीच-तीनपर्यंत जागून मी ते बसवलं. एका विषयात केटी लागली. त्याची तक्रार नाही. ते काम चांगलं झालं होतं आणि अजूनही मला त्याचा अभिमान आहे.

फेब्रुवारीअखेर ते लाइव्ह गेलं आणि मी पहिल्यांदा नीट पैसे मागितले. पाच महिन्यांचे 60,000, टीडीएस कापून 54,000. महिनाभर टोलवाटोलवी झाली. मग एप्रिलमध्ये त्याने समोर बसवलं, चहा मागवला आणि चेकबुक काढलं. चेकवर 10 एप्रिल 2024 तारीख घातली. फाडून देताना हात धरून म्हणाला, "हा तुझा हक्काचा आहे. फक्त मी सांगेपर्यंत टाकू नकोस. आत्ता बाउन्स झाला तर इन्व्हेस्टर पळतील, मग तुझेही जातील आणि सगळ्यांचेच."

मी मान डोलावली. चेक हातात आहे म्हणजे पैसे आल्यातच जमा, असं मला वाटलं. मी पुढेही बग दुरुस्त करत राहिलो, तेही फुकट. दर सोमवारी विचारायचो, "दादा, टाकू का?" दर सोमवारी उत्तर यायचं, "पुढच्या आठवड्यात नक्की." एंड-सेमच्या परीक्षा झाल्या. जून गेला.

12 जुलैच्या रात्री पावतीमधली एक चूक दुरुस्त करून मी गिट पुश केलं, म्हणजे कंपनीचा कोड ऑनलाइन जिथे साठवतात त्या रिपॉझिटरीत पाठवला. स्क्रीनवर आलं: रिपॉझिटरी नॉट फाउंड. मला वाटलं, लिंक चुकली. पुन्हा केलं, तेच. ब्राउझरमध्ये उघडलं तर 404, पान सापडत नाही. एक वर्ष रोज जिथे काम केलं ते पान मला दिसतच नव्हतं. व्हॉट्सॲप ग्रुपमधूनही काढलेलं होतं. फोन लागत नव्हता.

तेव्हा पप्पांना फोन केला. तोवर घरी काहीच सांगितलं नव्हतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "चेकवर तारीख काय आहे?"

"दहा एप्रिल."

थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "बाळा, चेक तीन महिनेच चालतो. परवाच संपला तो."

2012 पर्यंत चेकला सहा महिने असायचे. रिझर्व्ह बँकेने 1 एप्रिल 2012 पासून मुदत तीन महिन्यांवर आणली. आडतीवर रोज चेक हाताळणाऱ्या माणसाला हे पाठ असतं. मी कॉम्प्युटर इंजिनीअरिंगला होतो आणि मला चेकची मुदत माहीत नव्हती. दादाला माहीत होती. मुदत संपून दोन दिवसांत माझा ॲक्सेस गेला, हा योगायोग होता असं मला कुणीही सांगू नये.

पप्पांच्या ओळखीच्या वकिलांकडे गेलो. त्यांनी समजावलं की चेक मुदतीत टाकला असता आणि पैशांअभावी परत आला असता, तर चेक न वटण्याबद्दल फौजदारी तक्रार करता आली असती. टाकलाच नाही तर तो रस्ताच बंद. केलेल्या कामाचे पैसे मागायला दिवाणी दाव्याची तीन वर्षं असतात, तेवढं उरलं. त्यांनी आयकराच्या साइटवरून माझं 26एएस, म्हणजे माझ्या नावे जमा झालेल्या कराचं विवरण, काढायला लावलं. तिथे टीडीएसची एकही नोंद नव्हती. तीन महिन्यांत कापलेले 3,600 रुपये सरकारकडे कधी गेलेच नव्हते.

आम्ही रजिस्टर्ड एडीने नोटीस पाठवली. उत्तर आलं, "सदर व्यक्ती आमचा कर्मचारी नसून फ्रीलान्सर होता व त्याचे काम असमाधानकारक होते." ते वाचून मला रडू आलं. वकील मात्र 'फ्रीलान्सर' या एका शब्दावर थांबले. कॉपीराइट कायदा 1957 मध्ये कॉम्प्युटर प्रोग्रॅमला साहित्यकृती धरतात. नोकरीत लिहिलेला कोड, वेगळा करार नसेल तर, मालकाचा. पण लिहिणारा नोकर नसेल, तर कोड लिहिणाऱ्याचा, आणि तो दुसऱ्याच्या नावे करायला लेखी करार लागतो. असा कागद त्याच्याकडे नव्हता. दुसऱ्या नोटिशीत एवढंच लिहिलं. पंधरा दिवसांत 20,000 आले. बाकीचे 34,000 आजही यायचे आहेत.

हे मी माझ्यापुरतंच ठेवलं असतं. पण 2025 च्या मे महिन्यात एका रविवारी कॉलेजच्या कट्ट्यावर एक ज्युनिअर भेटला. बोलता बोलता कळलं, माझ्या जागी त्यालाच घेतलंय. पैशांचं विचारल्यावर तो हसून म्हणाला, "टेन्शन नाही, दादाने चेक दिलाय. सांगेल तेव्हा टाकायचा."

मी म्हटलं, "काढ बाहेर." बॅगेतल्या जर्नलमध्ये ठेवला होता, अगदी कोरा करकरीत. तारीख 14 फेब्रुवारी. हातात दहा दिवस होते.

तो तयार नव्हता. "दादा चिडेल. ईसॉप पण दिलेत मला." मी माझं पत्र मोबाइलवर उघडून त्याच्या हातात दिलं. त्याने स्वतःचं काढलं. दोन्ही पत्रांत नावाशिवाय एक शब्दही वेगळा नव्हता. तो बराच वेळ दोन्ही फोन हातात धरून बसला.

सोमवारी सकाळी आम्ही दोघांनी मिळून चेक बँकेत टाकला. बुधवारी परत आला, खात्यात पुरेसे पैसे नाहीत असा मेमो लावून. तो मेमो जपून ठेवायचा असतो, तारखेसकट. तो मिळाल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस जावी लागते, नोटीस मिळाल्यावर समोरच्याला 15 दिवस मिळतात, तरीही पैसे आले नाहीत तर पुढच्या महिन्याभरात कोर्टात तक्रार करायची. एक जरी मुदत चुकली तरी पुन्हा माझ्यासारखं होतं.

त्याची नोटीस सहाव्या दिवशी पोस्टात पडली. पोचपावतीचं गुलाबी कार्ड परत आलं त्या रात्री त्याने मला त्याचा फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, "आजपासून 15 मोजतोय."